बसंतीबाईचा शब्द

आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गर्दी फार आवडायची. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही, तोंडावरही कैकदा सांगितलं आहे. माणूस लाखात एक. नाव घनश्याम, आवाज गोड, यवतमाळला राहून ख्रिस्ती शास्त्राचं शिक्षण घेतलेलं. पण दिग्रसच्या अलीकडे एका तांड्यावर आमची नेमणूक झाली, आणि तिथे रविवारच्या उपासनेला येणारी सगळी मंडळी एका बैलगाडीत बसली असती. ते त्यांच्या मनाला लागायचं. रिकाम्या सतरंज्यांकडे पाहत उपदेश करायचा आणि घरी येऊन न जेवता बसायचं, असे आमचे रविवार.

तांडा बंजाऱ्यांचा. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. आता ज्वारी-कापूस करून एका जागी राहत होते. मोजकी घरं ख्रिस्ती झालेली, बाकीचा तांडा देवीचा. भांडण असं काही नव्हतं. तांड्याचा नायक भीमसिंग देवीचाच, पण आमच्या प्रार्थनाघराचे पत्रे वादळात उडाले तेव्हा त्यानेच माणसं लावून ते परत बसवून दिले होते.

बसंतीबाई त्या मोजक्या घरांतली. पन्नाशीला टेकलेली विधवा, मूलबाळ नाही, लोकांच्या शेतात कापूस वेचून पोट भरायची. बोलणं तुटक. एका रविवारी प्रार्थना चालू असताना ती उठून उभी राहिली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "दोघं जण इथं पाठीले पाठ लावून बसले हाय. प्रभू म्हनते, माह्याकडे तोंड करायच्या आधी एकमेकाकडे करा." एवढं बोलून खाली बसली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षभर अबोला धरलेले दोघे सख्खे भाऊ तिथे होते. त्यांचं भांडण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्यामुळे यात चमत्कार काही नव्हता. पण इतके दिवस ते त्यांना कोणी असं म्हटलं नव्हतं. दोघे रडले आणि संध्याकाळी एका घरी जेवले.

दुसऱ्यांदा ती उठली ती आमच्या साहेबांवरच. पाद्रीसाहेब डोळे मिटून देवाला आमची नावं सांगतात, डोळे उघडून आमच्याकडे पाहत नाहीत, असं तिने भरल्या उपासनेत सांगितलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र ती बाई त्या क्षणापासून आवडली. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला जे नीट सांगता आलं नव्हतं ते तिने एका दमात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून साहेब सायकल काढून घरोघर जायला लागले, हेही सांगायला हवं. नाहीतर मी नुसती नवऱ्याची उणीदुणी काढते असं वाटेल.

मग त्यांनी काही रविवार याच विषयावर उपदेश केला. देव काही जणांना संदेश सांगायचं दान देतो. ते उद्याचं भविष्य सांगायचं दान नव्हे. पडलेल्याने उठावं, चुकलेल्याने ताळ्यावर यावं, खचलेल्याला धीर मिळावा, यासाठी ते असतं. आणि बायबलात पौलाने मंडळीला बजावून ठेवलं आहे की एकाने बोलावं आणि बाकीच्यांनी ते पारखावं. देवाचं काय आणि माणसाच्या पदरचं काय, हे निवडून घ्यावं. माझ्या नवऱ्याचा इतका चांगला उपदेश मी त्याआधी ऐकला नव्हता. लोक माना डोलवत होते, आणि उपासना सुटल्यावर एक म्हातारा बसंतीबाईला हळूच विचारत होता की माझी हरवलेली शेळी कोणत्या दिशेला गेली.

त्यांचंही काय चुकलं? तांड्यात देवाला विचारायची एक रीत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. भगताच्या अंगात देवी आली की त्याच्यापुढे मूठभर ज्वारी ठेवायची आणि आपला प्रश्न मांडायचा. भगत उत्तर देतो. तो गप्प राहिला किंवा त्याने ज्वारी परत सरकवली, तर उत्तर मरणाचं आहे असं समजायचं. इतकं वाईट की देवीने तोंडाने सांगायचं टाळलं. आणि एकदा भगत बोलला की तो शब्द पारखायचा नाही. पारखणं म्हणजे देवीवर संशय घेणं. ही माणसं ख्रिस्ती झाली, देवीच्या जागी प्रभू आला, भगताच्या जागी त्यांनी बसंतीबाई बसवली. बाकी रीत होती तशीच राहिली.

हळूहळू शेजारच्या तांड्यांवरून माणसं यायला लागली. सतरंज्या अपुऱ्या पडल्या, बाया दाराबाहेर बसू लागल्या. बसंतीबाई तोपर्यंत शहाणी होती. कोणी ज्वारी ठेवायला वाकलं की ती हात जोडून म्हणायची की मी भगत नाही, देव मला विचारल्यावर सांगत नाही, त्याला वाटेल तेव्हा सांगतो. लोक हसून बाजूला व्हायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचे. साहेबांना हे दिसत होतं. एकदा सगळ्यांना बसवून नीट समजावून सांगा, असं मी त्यांना म्हटलं. हळूहळू समजेल, म्हणाले. रविवारी ते आता पोटभर जेवत होते.

भुरीबाई ही बसंतीबाईची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला होता. भुरीबाईचा थोरला मुलगा पूनमसिंग एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर गिट्टी फोडायच्या कामाला लांब मुलखात गेला होता. एका होळीला येऊन गेला, त्यानंतर ना निरोप ना माणूस. दुसरी होळीही अशीच गेली. त्याची बायको हंसाबाई विशीतली, कामाला वाघीण. धाकटा दीर उत्तमसिंग घरातच होता, सरळ मनाचा, लग्नाचा. थोरला भाऊ गेला तर धाकट्याने वहिनीशी घर करायचं, हा त्या लोकांचा रिवाज. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. उत्तमसिंगची ना नव्हती, आणि हंसाबाईचीही नव्हती हे मला तिच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. आमच्या साहेबांचीही हरकत नव्हती, फक्त पूनमसिंग गेल्याचं पंचांसमोर ठरावं एवढंच ते म्हणत. चीनशी लढाई झाली त्या थंडीत भीमसिंग नायकाने पंच बसवायचं ठरवलं.

पंच बसायच्या आधीचा रविवार. प्रार्थना चालू होती, मागे भीमसिंग नायकही येऊन बसला होता. भुरीबाई उठली, बायांमधून वाट काढत पुढे गेली आणि बसंतीबाईच्या समोर तिने ओच्यातली मूठभर ज्वारी ठेवली. माझा पोरगा आहे का गेला, एवढंच तिने विचारलं.

 बसंतीबाईने नेहमीसारखे हात जोडले, पण हात जोडून गप्प राहणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भुरीबाईचे डोळे तिच्या ओठांवर खिळलेले. एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि भुरीबाईच्या तोंडावरचं रक्त उतरायला लागलं.  तेवढ्यात बसंतीबाईने तिचे दोन्ही हात धरले आणि रडत रडत बोलली, "जित्ता हाय तुहा पोरगा. येते तो. याच रस्त्यानं येते. प्रभू म्हनते, भिऊ नको."

सगळं प्रार्थनाघर हललं. बाया रडायला लागल्या, भुरीबाई तिच्या मांडीवर कोसळली. साहेब उभे होते. आता मंडळीने हा शब्द पारखावा, असं म्हणायची हीच वेळ होती, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा ते त्यांनाही कळलं होतं असं मला आजही वाटतं. मग त्यांनी भरलेल्या घराकडे पाहिलं. आणि आभाराचं गाणं सुरू केलं.

घरी आल्यावर मी विषय काढला. ते म्हणाले की सांत्वन हाही त्या दानाचाच भाग आहे. मी म्हटलं, सांत्वन निराळं आणि कोणाच्या मेलेपणावर किंवा जितेपणावर शिक्का मारणं निराळं. ती बाई देवाचं ऐकून बोलली की मैत्रिणीचं तोंड पाहून बोलली, हे कोण सांगणार? ते म्हणाले, इंदू, तू फार चिकित्सा करतेस. मी भाकरी थापत राहिले, पण त्या दिवशीच्या भाकरी काही नीट फुगल्या नाहीत.

भीमसिंग नायकाने पंच बसवलेच नाहीत. देव कोणाचाही असो, देव बोलल्यावर नायकाने बोलायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. हंसाबाईच्या केसांत घुगरी लटकत राहिली, दंडावर चुडा राहिला. दोन्ही लग्नाच्या बाईच्या खुणा. भुरीबाई रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. दिग्रसची मोटर यायची, धूळ उडवून पुढे जायची, आणि ती आनंदाने परत यायची, कारण आज नाही तर उद्या. सुनेला मात्र तिने डोळ्यात तेल घालून जपायला सुरुवात केली. उत्तमसिंग असला की हंसाबाईने घरात थांबायचं नाही. पोराची अमानत आहे, म्हणायची. बिचारा उत्तमसिंग शेतातल्या झोपडीत झोपायला लागला.

ही सगळी माणसं एकमेकांवर जीव लावणारी होती. म्हणून तर तो त्रास पाहवत नव्हता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी हंसाबाईची गत. एकदा कापसाच्या वेचणीला मी त्यांच्या शेतात गेले होते. ती माझ्या ओळीला आली.  मग बोंडातला कापूस ओढता ओढता म्हणाली, "बाई, मी सवाशीन आहो का रांड आहो, थे मले कोनी सांगत नाई. त्याच्यावर रागवू म्हनलं तं मेला असंन. त्याच्यासाठी रडू म्हनलं तं जित्ता हाय."  मी पाळकाची बायको, शास्त्र वाचणारी, आणि त्या पोरीला द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. फार राग आला मला, साहेबांचा आला, बसंतीबाईचा आला, आणि खरं सांगायचं तर देवाचाही आला.

बसंतीबाई त्यानंतर उपासनेत उठली नाही. लोक वाट पाहायचे. ती खाली मान घालून बसायची. बाहेरगावची माणसं हळूहळू कुरकुरायला लागली. मी तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आवाज येत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर शंकरसिंग आला. उमरखेडकडच्या तांड्यातला, पूनमसिंगच्याच टोळीत गिट्टी फोडणारा. एक पाय घोट्यातून वाकडा झालेला, काठी टेकत भुरीबाईचं घर विचारत आला. त्याने जे सांगितलं ते असं, की चीनच्या लढाईच्या आधीच्या पावसाळ्यात खाणीची दरड कोसळली. त्यात पूनमसिंग जागेवर गेला. याचा पाय मोडला, महिनोन्महिने दवाखान्यात पडून होता. तोवर टोळी पुढच्या कामाला निघून गेली. गावाकडे यायला तोंड नव्हतं आणि पायही नव्हता. पूनमसिंगच्या कानातली चांदीची मुरकी त्याने काढून ठेवली होती, ती त्याने भुरीबाईच्या हातात दिली.

म्हणजे बसंतीबाईने 'जित्ता हाय' म्हटलं तेव्हा तो मातीत जाऊन कितीतरी दिवस झाले होते.

त्या तांड्यातली रीत अशी, की घरात मौत झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईने आधी गळा काढायचा. तिने काढल्याशिवाय दुसरं कोणी रडायचं नाही. तोवर मेलेल्याला मेलेला धरत नाहीत. अंगण माणसांनी भरलं होतं आणि सगळे भुरीबाईच्या तोंडाकडे पाहत होते. हंसाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भुरीबाईने मुरकी उलटसुलट केली आणि शंकरसिंगच्या पुढ्यात टाकली. म्हणाली, मुरकी विकता येते, चोरताही येते. "देव खोटा का तू खोटा, थे सांग." तो बापडा काय सांगणार. तिने त्याला पाणी विचारलं नाही. संध्याकाळ झाली तशी ती उठून रस्त्यावर गेली आणि मोटरची वाट पाहत उभी राहिली. हंसाबाई चुलीपुढे बसून न रडता भाकरी करत होती. तिला मी तसं पाहिलं आणि बाहेर येऊन मीच रडले. मला कोणाची रीत आडवी येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसंतीबाई आमच्या घरी आली. तिचं तोंड आजाऱ्यासारखं झालं होतं. ती खाली बसली आणि साहेबांना म्हणाली की मला रविवारी मंडळीपुढे बोलायचं आहे. तो शब्द देवाचा नव्हता, माझा होता, हे सांगायचं आहे.

साहेब उठून येरझाऱ्या घालायला लागले. त्यांची अडचण मला कळत होती आणि ती खोटी नव्हती. ही मंडळी नवी होती, विश्वास कोवळा होता. ख्रिस्ती देवाचा भगत खोटा निघाला अशी बोंब झाली तर एक तरी घर टिकेल की नाही याची शाश्वती नव्हती. शेवटी ते थांबले आणि त्यांना एक तोड सुचली. ते म्हणाले, बसंतीबाई, तुम्ही म्हणालात तो येईल. शेवटल्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा पूनमसिंगही येईलच. प्रभूजवळ तो आजही जिवंतच आहे. तर शब्द खोटा कसा? आपण त्याचा अर्थ तसा सांगू. भुरीबाईलाही धीर राहील.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यातलं प्रत्येक वाक्य शास्त्राला धरून होतं. आणि तरी मला तिथून उठून जावंसं वाटलं.

बसंतीबाईने ऐकून घेतलं. मग मान हलवली. "नाई साहेब. म्या येते म्हनलं, तवा माह्या डोयापुढं दिग्रसची मोटर होती."

 मग ती सांगत गेली, थांबत थांबत. आधी जेव्हा जेव्हा ती बोलली होती, तेव्हा ते तिला नको नको वाटायचं. त्या दोघा भावांना सांगणंही नको होतं. साहेबांना सांगणं तर त्याहून नको होतं. तरी ते आतून ढकलायचं, आणि बोलून झालं की हलकं वाटायचं. भुरीबाईने ज्वारी ठेवली त्या दिवशी आत काहीच नव्हतं. नुसती शांतता. पण गप्प राहिलं तर भुरीबाई तिथेच मरेल असं वाटलं आणि तिला सांगायची घाई झाली. बोलून झाल्यावर हलकं वाटलं नाही. त्या दिवसापासून छातीवर धोंडा आहे. "मले तिचं तोंड पाहवलं नाई, साहेब. थे माही माया होती. मायेले म्या देवाचं नाव देल्लं."

मग तिने वर पाहिलं. "पर तुमाले तं ठाऊक होतं. बाकीच्यानं पारखावं म्हनून तुमीच शिकवलं. मंग मले थांबवलं काहून नाई?"

माझ्या नवऱ्याला मी पुष्कळ टोचून बोलले आहे, पण इतकं सरळ मीही कधी विचारलं नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले की रविवारी बोला. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि मी आग्रह केला नाही.

रविवारी प्रार्थनाघर ओसंडून वाहत होतं. शंकरसिंगची बातमी पसरली होती, आणि देव खरा का माणूस खरा हे पाहायला देवीचे लोकही आले होते. भीमसिंग नायक या वेळी पुढे बसला. भुरीबाई बायांत मधोमध, ताठ. हंसाबाई तिच्या मागे.

बसंतीबाई उठली. तिने लांबण लावली नाही. त्या दिवशी देव मला काही बोलला नव्हता, मी माझ्या मनाचं बोलले आणि त्याच्यावर प्रभूचं नाव लावलं, असं तिने सांगितलं. मग भुरीबाईकडे तोंड केलं. तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "भुरे, तुहा पोरगा मेला हाय. शंकरसिंग खरं बोलते. मी खोटी बोलली."

आधी कोणाला काही कळेना. भगताने दिलेला शब्द परत घेतलेला त्यांच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता. मग कुजबुज झाली, कुजबुजीची बोलणी झाली. बाहेरगावची काही माणसं पागोटी सावरत उठली आणि निघून गेली. त्यांच्यामागून आमच्याच मंडळीतलं एक घर उठलं. भीमसिंग नायक रागावला नव्हता, हादरला होता. तो साहेबांना म्हणाला, "शब्द परत घेता येते, तं मंग मानसानं टेकावं कायच्यावर?"

साहेब पुढे आले.  ते म्हणाले की त्या दिवशी या बाईचा शब्द पारखायला मी मंडळीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण घर भरलेलं मला पाहायचं होतं. तो दोष तिच्याइतकाच माझा आहे. आज सांगतो. आज ती जे बोलली ते देवाचं आहे की नाही, ते मंडळीने पारखावं आणि बोलावं.

 जे उरले होते ते सतरंजीकडे पाहत होते. त्या दिवशी इतकी माणसं रडून साक्ष देत होती, आज एकाचं तोंड उघडेना. मी उठणार होते. पण माझ्या बोलण्याने काही सुटलं नसतं हे मला कळत होतं. ज्या बाईचं सगळं जाणार होतं तिनेच ते पारखायचं होतं.

भुरीबाई उठली. तिला उठायला वेळ लागला. ती बसंतीबाईच्या जवळ गेली, अगदी जवळ, आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. ती आता मारते असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मारलं असतं तर कोणी अडवलं नसतं. तिने बोटाने बसंतीबाईचा ओला गाल चाचपला, खोटी पावली चाचपावी तसा, आणि वळून मंडळीला म्हणाली, "आज खरं बोलून राह्यली."

मग ती सुनेकडे गेली. हंसाबाई उठून उभी राहिली होती. भुरीबाईने तिच्या डोक्यावरची ओढणी मागे सारली आणि केसांतल्या घुगऱ्या एकेक करून सोडवल्या. गाठ सुटेना, तरी तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. शेवटची घुगरी हातात आली तेव्हा तिने गळा काढला. पूनमसिंगच्या लहानपणीचं नाव घेऊन, त्यांच्या बोलीत, लांब हेल काढून. तसा आवाज माणसाच्या आत असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मधेच थांबून तिने सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "रड बाई आता. रडून घे."

हंसाबाई रडली. दोन वर्षांचं साचलेलं रडली. सगळ्या बाया त्यांच्याभोवती गोळा झाल्या, देवीच्याही आणि आमच्याही, आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. बाहेर उत्तमसिंग भिंतीला डोकं टेकून उभा होता. साहेब गुडघ्यांवर बसले होते.

बसंतीबाई मात्र जिथे उभी होती तिथेच राहिली. तिच्याकडे कोणी गेलं नाही. ती चार पावलांवर होती, पण त्या बायांत जाऊन बसायचा तिला आता हक्क नव्हता, असं तिला वाटत असणार. आणि तिथल्या पुष्कळ जणींनाही वाटत होतं. ती दाराकडे वळली.

भुरीबाईने हेल मधेच तोडला.

"कुठं चालली?" ती म्हणाली. "ये इकडं, रड माह्यासंगं. तूनंच तं त्याले येवढे दिवस जित्ता ठेवला."